वृक्षारोपणापूर्वी जमिनीची सिद्धता

प्रास्ताविक

भारतात वनमहोत्सवाचा आरंभ १९५० साली झाला. केंद्र सरकारचे तत्कालीन अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी जुलै महिन्याचा पहिला आठवडा ह्या कार्यासाठी नेमून दिला आणि तेव्हापासून शाळा व वृक्षारोपण यांचे नाते जडले. महाराष्ट्र शासनानेही २०१६ साली एका दिवसात दोन कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. अशा प्रत्येक प्रसंगी लावलेल्या झाडांची गणती होते. परंतु शाळेपुरता विचार करता खरी गणती पुढच्या वर्षी जुलै महिन्यात व्हावयास पाहिजे. मागील वर्षी लावलेल्या दहा रोपांपैकी किती उरली, हा प्रश्न ज्या शाळेत विचारला जातो तिथेच वृक्षारोपणाचे शिक्षण सुरू होते.

पुष्कळदा असे घडते की, शाळेच्या आवारातील एकाच खड्ड्यात सलग तीन-चार वर्षे नवे रोप लावले जाते आणि प्रत्येक वर्षी ते वाळते. ज्या मुलामुलींनी त्या रोपाला नाव दिले, घरून तांब्याने पाणी आणले, सुट्टीच्या दिवशीही येऊन पाहिले, त्यांच्या मनावर ह्याचा काय परिणाम होत असेल? कष्ट केले तरी झाड मरतेच, असा चुकीचा धडा त्यांच्या मनात घर करून बसतो. गुरे, उन्हाळा किंवा रोपवाटिका यांना दोष देऊन मोठी माणसे मोकळी होतात. ही कारणेही कधीकधी खरी असतात. तथापि पुष्कळ वेळा रोपाचे मरण त्याच्या लावणीच्या आधीच, खड्डा खणताना ठरून गेलेले असते. म्हणून रोप आणण्यापूर्वी जमीन कशी सिद्ध करावी, ह्याचा पाठ प्रस्तुत लेखात दिला आहे. उदाहरणादाखल शहाड व त्याभोवतालचा परिसर घेतला आहे. परंतु विचाराची रीत जिल्ह्यातील कोणत्याही शाळेस उपयोगी पडेल.

शहाडची जमीन व हवा

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्थानक म्हणजे शहाड. जवळूनच उल्हास नदी वाहते. कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता ह्याच भागातून म्हारळ, वरप, कांबा ह्या गावांवरून पुढे जातो. दुसऱ्या बाजूस, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी वसविलेले उल्हासनगर आहे. त्यास हे नाव १९४९ मध्ये मिळाले. १९५० नंतरच्या दशकात शहाडला रेयॉनचा कारखाना उभा राहिला आणि त्यापुढील काळात भातशेतीच्या जागी चाळी, इमारती व रस्ते आले.

येथील झाडाला एका वर्षात दोन परस्परविरुद्ध कसोट्यांना उतरावे लागते. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस सुरू होतो आणि चार महिन्यांत साधारणपणे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी जमिनीवर पडते. त्यानंतर ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत जवळजवळ आठ महिने आकाशातून थेंब पडत नाही. पावसाळ्यात मुळांना श्वास घेता आला पाहिजे आणि उन्हाळ्यात त्याच मुळांना ओलावा सापडला पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी ज्या जमिनीत साधतील, तीच नव्या झाडासाठी सिद्ध झालेली जमीन होय.

ह्या परिसरातील खडक काळा बसाल्ट आहे. तो झिजून प्रथम मुरूम होतो व मुरुमाची पुढे माती होते. शाळेचे आवार कोणत्या जागी आहे, ह्यावरून तेथील जमिनीचे चार मुख्य प्रकार संभवतात.

पहिला प्रकार नदीकाठच्या गाळाच्या जमिनीचा. पुराबरोबर आलेला बारीक गाळ थरावर थर साचून ती तयार होते. ती खोल, मऊ व खणावयास सोपी असते. २६ जुलै २००५ च्या महापुराने ह्या परिसरातील सखल भागांत नदी कोठवर येऊ शकते हे दाखवून दिले. अशा जागी अर्जुन, करंज, वाळुंज यांसारखी पाण्याची सवय असलेली झाडेच निवडावी.

दुसरा प्रकार जुन्या भातखाचरांचा. ह्या जमिनीविषयी एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भाताच्या रोपांना खाचरात पाणी उभे राहावयास हवे असते. म्हणून शेतकरी दरवर्षी चिखलणी करतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिखलणीने आणि बैलांच्या खुरांनी वरच्या मऊ मातीखाली, साधारण एका वितीच्या खोलीवर, एक घट्ट थर तयार होतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. भाताचे पोषण ज्या थराने झाले, तोच थर जांभळाच्या किंवा कडुनिंबाच्या रोपाचा वैरी ठरतो. शेती बंद होऊन वीस-तीस वर्षे लोटली व वर शाळेचे क्रीडांगण झाले, तरी जमिनीच्या पोटात तो थर तसाच असू शकतो.

तिसरा प्रकार मुरमाड माळाचा. येथे मातीचा थर चार-सहा बोटांचा असतो व त्याखाली मुरूम किंवा कातळ लागतो. पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी, म्हणून उन्हाळ्यात झाडाची परीक्षा कडक होते.

चौथा प्रकार भरावाच्या जमिनीचा. इमारतींच्या बांधकामातून उरलेल्या विटा, सिमेंटचे तुकडे, चुना, खडी व प्लास्टिक यांवर मातीचा पातळ थर पसरलेला असतो आणि त्यावरून वाहने फिरून तो दगडासारखा बसलेला असतो. सिमेंट व चुन्यामुळे अशी माती अल्कधर्मी बनते व झाडाला लोह मिळेनासे होते; मग पावसाळ्यातही पाने पिवळी पडतात.

मोठ्या खड्ड्याचा जुना नियम

साठ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल खड्डा खणावा, तळाशी पालापाचोळा घालावा, वर शेणखत व पोयटा माती यांचे मिश्रण भरावे आणि मध्यभागी रोप लावावे, असा नियम आजवर सर्वत्र सांगितला गेला आहे. कोकणात आंब्याच्या कलमासाठी तर एक मीटर लांब, रुंद व खोल खड्ड्याची शिफारस असते. हा नियम अडाणीपणाचा होता असे मुळीच नव्हे. डोंगरउतारावरील जांभ्या दगडाच्या जमिनीत मातीच फार थोडी असते. तिथे खड्डा मोठा घेऊन बाहेरची माती भरणे भाग पडते. शिवाय जांभा दगड सच्छिद्र असून जमीन उताराची असल्यामुळे खड्ड्यातील पाणी सहज निघून जाते. ज्या जमिनीसाठी नियम झाला, त्या जमिनीत तो योग्यच आहे.

अडचण येते ती हा नियम सपाट, चिकण मातीच्या जुन्या खाचरात जसाच्या तसा उचलून नेल्यावर. अशा जमिनीत खणलेला उभ्या कडांचा खोल खड्डा हा जमिनीत पुरलेल्या रांजणासारखा असतो. त्याच्या बाजू घट्ट, तळ घट्ट आणि आतील माती मात्र भुसभुशीत. पावसाचे पाणी आजूबाजूच्या घट्ट जमिनीत मुरत नाही; ते वाहत येऊन ह्या भुसभुशीत जागेत शिरते. आत शिरावयास वाट आहे, बाहेर पडावयास नाही.

मुळे पाण्यात गुदमरतात

पाण्याने झाड मरते, हे मुलांना प्रथम पटत नाही. त्यासाठी माती म्हणजे काय, हे त्यांना समजावून द्यावे लागते. चांगल्या मातीत तिच्या आकारमानाच्या सुमारे निम्मा भाग घन कणांचा व उरलेला निम्मा पोकळीचा असतो. ह्या पोकळीत काही अंशी पाणी व काही अंशी हवा असते. मुळेही श्वास घेतात. त्यांस प्राणवायू लागतो. पोकळी पाण्याने पूर्ण भरली की हवा बाहेर ढकलली जाते. हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. त्यामुळे साचलेल्या पाण्यातील कोवळी मुळे थोड्याच दिवसांत कुजू लागतात.

वर पाहणाऱ्यास मात्र निराळेच दृश्य दिसते. मुळे कुजल्यामुळे झाड पाणी शोषू शकत नाही, म्हणून पाने माना टाकतात. पाने सुकलेली पाहून मुले आणखी पाणी घालतात. मायेपोटी केलेली ही कृती रोपाचा शेवट जवळ आणते.

तळाशी घातलेला ओला पालापाचोळा व कच्चे शेण यांमुळे संकटात भरच पडते. हे पदार्थ कुजताना उरलासुरला प्राणवायू वापरून टाकतात. कुजल्यावर त्यांचे आकारमान घटते, भरलेली माती खचते आणि तिच्याबरोबर रोपही खाली जाते. खोड व मूळ जिथे मिळतात ती जागा मातीखाली दबली की तेथील साल कुजू लागते. हे नुकसान कित्येकदा दोन-तीन वर्षांनंतर उघडकीस येते.

पाऊस संपल्यावर दुसरी अडचण उभी राहते. खतमातीने भरलेला खड्डा लवकर कोरडा होतो. भोवतालची बारीक कणांची चिकण माती त्यातील ओलावा आपल्याकडे ओढून घेते. मुळे मात्र खतमातीचे सुखाचे घर सोडून कठीण भिंतीत शिरण्याऐवजी खड्ड्यातल्या खड्ड्यात वळणे घेत राहतात. कुंडीतील झाडासारखी त्यांची स्थिती होते. अशा झाडाचा जमिनीतील पाया अरुंद राहतो आणि पुढे एखाद्या वादळी पावसात ते उन्मळून पडण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या विद्यापीठात कार्ल व्हिटकम यांनी १९७० नंतरच्या दशकात ह्या प्रश्नावर प्रयोग केले. काही खड्ड्यांत निघालेलीच माती परत भरली व काहींत निरनिराळे सेंद्रिय पदार्थ मिसळले. मिश्रण भरल्याने झाडांस अपेक्षित लाभ झाल्याचे दिसून आले नाही. त्यानंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांतूनही हाच कल पुढे आला. म्हणून आज सांगितले जाते की, जिथे मुळात माती आहे तिथे खड्ड्यातून निघालेली मातीच परत भरावी, ती रुंद जागेत मोकळी करावी आणि खत जमिनीच्या पृष्ठभागावर द्यावे. झाड खड्ड्यात लावावयाचे नसून जमिनीत लावावयाचे असते, हे ह्या पाठाचे सार होय.

लावणीपूर्वी जमिनीची परीक्षा

जमिनीची परीक्षा एप्रिल महिन्यात, वार्षिक परीक्षेनंतरच्या मोकळ्या दिवसांत घ्यावी. त्यासाठी लागणारे साहित्य कोणत्याही शाळेत मिळते : कुदळ, पहार, फावडे, घमेले, बादली, मोजपट्टी, काचेची बरणी व वही.

पहिला प्रयोग हाताचा. मूठभर माती किंचित ओली करून मळावी व अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबून तिची पट्टी काढावी. पट्टी निघतच नसेल तर माती रेताड. दोन-तीन सेंटिमीटरवर तुटत असेल तर मध्यम. पाच सेंटिमीटरहून लांब निघत असेल तर चिकण समजावी.

दुसरा प्रयोग बरणीचा. बरणीचा एक तृतीयांश भाग मातीने भरून उरलेल्या भागात पाणी घालावे, झाकण लावून खूप हलवावे व बरणी स्थिर ठेवावी. सुमारे एका मिनिटात रेती तळाशी बसते. पोयट्याचे कण दोन तासांच्या आसपास बसतात. चिकण मातीचे कण बसावयास एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दुसऱ्या दिवशी मुलांनी थरांची जाडी मोजून वहीत आकृती काढावी.

तिसरा प्रयोग निचऱ्याचा. हा सर्वांत महत्त्वाचा. ज्या जागी झाड लावावयाचे तिथेच ३० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल खड्डा करावा व तो पाण्याने भरावा. उन्हाळ्यात चिकण मातीला भेगा पडलेल्या असतात. पहिले पाणी त्या भेगांतून झटकन नाहीसे होते. म्हणून पहिल्या भरणीवरून निष्कर्ष काढू नये. दुसऱ्या दिवशी खड्डा पुन्हा भरून पाण्याची पातळी दर तासाला मोजावी. पातळी तासाला अडीच सेंटिमीटर किंवा अधिक उतरत असेल तर निचरा चांगला. तासाला एक सेंटिमीटरहून कमी उतरत असेल तर जागा पाणथळ समजून उंचवट्यावर लावणी करावी. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी उभे असेल, तर तिथे खोल खड्डा करून झाड लावणे म्हणजे ते बुडविणे होय. जिथे पूर्वी रोपे मेली असतील तिथे हा प्रयोग अवश्य करावा. बहुधा उत्तर त्याच खड्ड्यात सापडते.

भरावाच्या जमिनीत पहारीने तीन-चार ठिकाणी टोचून पाहावे. पहार किती खोल जाते व तिला वीट, खडी की माती लागते, हे नोंदवावे. पांढुरक्या मातीवर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आले तर चुना आहे असे समजावे.

मे महिन्यातील पूर्वतयारी

परीक्षा झाल्यावर जमीन मोकळी करण्याचे काम पाऊस येण्यापूर्वीच पुरे करावे. चिकण माती ओली असताना खणली तर कुदळीच्या घावाने खड्ड्याच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि त्यांतून ना पाणी जाते, ना मूळ. कोरड्या दिवसांत खणलेली माती मात्र ढेकळांच्या रूपाने निघते व पहिल्या सरींनी आपोआप फुटते.

खड्ड्याचा आकार परातीसारखा असावा. मध्यभागी रोपाच्या पिशवीच्या उंचीइतकाच खोल आणि बाजूंना पसरत, उथळ होत गेलेला. पिशवीच्या व्यासाच्या तिप्पट रुंदी ही कमीत कमी समजावी. जमिनीत सवड असेल तर एक हातापेक्षा अधिक अंतरापर्यंत चोहोबाजूंनी माती सैल करावी. झाडांची अन्न घेणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या आसपासच आडवी पसरतात, म्हणून खोलीपेक्षा रुंदीला महत्त्व अधिक.

येथे गणिताचा उपयोग होतो. साठ सेंटिमीटरच्या घनाकृती खड्ड्यातून ६० × ६० × ६० म्हणजे २,१६,००० घन सेंटिमीटर, अर्थात २१६ लिटर माती काढावी लागते. आता १२० सेंटिमीटर लांब व १२० सेंटिमीटर रुंद तुकडा १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत सैल केला, तर १२० × १२० × १५ म्हणजे तेवढीच २१६ लिटर माती हलवावी लागते. परंतु पहिल्या रीतीने मुळांना ३,६०० चौरस सेंटिमीटर जागा मिळते आणि दुसऱ्या रीतीने १४,४००. कष्ट तेवढेच, पण मुळांना मोकळे अंगण चौपट. हे उत्तर मुलांनी स्वतः काढले म्हणजे त्यांस कायमचे लक्षात राहते.

जमिनीच्या प्रकारानुसार पुढील भेद करावेत.

गाळाच्या जमिनीत विशेष मेहनत नको; माती सैल करून तण काढले की पुरे.

जुन्या खाचरात वरची माती बाजूला काढून, एक-दोन विती खाली लागणारा घट्ट थर पहारीने जागोजाग फोडावा. तो फोडला तरीही निचऱ्याची परीक्षा समाधानकारक नसेल, तर आसपासची वरची माती ओढून १५ ते २० सेंटिमीटर उंच व निदान दीड मीटर रुंद असा पसरट उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे. पावसाळी भाजीसाठी वरंबे करणाऱ्या शेतकऱ्यास ही युक्ती सांगावी लागत नाही.

मुरमाड जमिनीत मुरूम फोडून रुंद जागा सैल करावी, मोठे दगड वेचून काढावे आणि मुरुमात गाळमाती मिसळावी. येथे चांगले कुजलेले खत मिसळण्यास हरकत नाही. पाच घमेली मातीस एक घमेले, ह्याहून अधिक नको, आणि तेही सर्व सैल केलेल्या जागेत सारखे. सलग कातळ लागल्यास ती जागा सोडावी.

भरावाच्या जमिनीत विटा, सिमेंटचे तुकडे व प्लास्टिक हाताने वेचावे, बसलेली जमीन खोल फोडावी व बाहेरून आणलेली माती रुंद जागेत मूळ मातीशी मिसळावी. घट्ट जमिनीवर नव्या मातीचा नुसता थर ओतला तर मुळे त्या थरातच अडकून राहतात.

खताचे स्थान

ह्याचा अर्थ खत नको असा नाही. निसर्गात पाने जमिनीवर गळतात, तिथेच कुजतात व गांडुळे त्यांचा अंश खाली नेतात. जंगलात कोणी खड्ड्याच्या तळाशी खत पुरून ठेवीत नाही. म्हणून शाळेतील झाडालाही कुजलेले खत वरून द्यावे. कच्चे शेण वापरू नये. ते कुजताना तापते व वाळवीस आमंत्रण देते.

असे खत शाळेतच तयार करता येते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ ह्या काळात इंदूर येथे भारतीय शेतकऱ्यांच्या रीती अभ्यासून खताची जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बांधीव, जाळीदार हौदात थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत शोधली; त्यांच्या नावातील अक्षरांवरून ती नाडेप म्हणून ओळखली जाते. शाळेच्या अंगणात रोज झाडून पेटविला जाणारा पाला ह्या कामी लावला, तर धूरही टळेल आणि झाडांची शिदोरीही साठेल.

लावणीचा दिवस

दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली म्हणजे लावणी करावी. धो धो पावसात, चिखल तुडवीत लावणी करू नये. ओली माती पायाखाली दाबली गेली की महिन्याभराच्या तयारीवर पाणी पडते.

प्लास्टिकची पिशवी पूर्णपणे काढून टाकावी. समारंभाच्या घाईत पिशवीसकट लावलेली रोपे काही थोडी नसतात. मातीची हुंडी फुटू न देता बाहेर काढावी आणि तिच्याभोवती गुंडाळलेली मुळे दिसल्यास ती हलकेच मोकळी करावी. फार जाड वेटोळी असतील तर धारदार कात्रीने कापावी. हुंडीच्या खालची जमीन उकरलेली नसावी, म्हणजे रोप पुढे खचत नाही. खोड व मूळ मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीस, किंबहुना बोटभर वरच राहिली पाहिजे. काठी आडवी ठेवून मुलांनी ती स्वतः तपासावी.

त्यानंतर निघालेलीच माती भरून हाताने हलकेच दाबावी व पाणी घालून तिच्यातील पोकळ्या बसू द्याव्या. टाचेने तुडवू नये. सैल केलेल्या जागेवर पालापाचोळ्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. मात्र खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवावी. पावसाळ्यात आळे करू नये, उलट पाणी बाहेर वाहून जाईल असा उतार ठेवावा. आळे करावयाचे ते ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर. आणि तेही खोडालगत नव्हे, तर हुंडीच्या कडेबाहेर.

उन्हाळ्याचा विचार लावणीच्या दिवशीच करावा. आठवड्यातून दोन वेळा एक-एक बादली पाणी सावकाश घातल्यास मुळे खाली व दूर जातात. रोज तांब्याभर पाण्याने ती वरवरच राहतात. मे महिन्यात शाळेस सुट्टी असते आणि रोपांचा खरा घात त्या महिन्यात होतो. ह्यासाठी हुंडीपासून वीतभर अंतरावर कच्च्या मातीचे मडके तोंडापर्यंत पुरावे, ते पाण्याने भरून झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते. जवळ राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांनी पाळीने मडकी भरली तरी रोप सुट्टी ओलांडून जाते.

पाठ घेण्याची रीत

हा पाठ एका तासात उरकण्यासारखा नाही. एप्रिलमध्ये परीक्षा, मे महिन्याच्या आरंभी खणणे, जुलैत लावणी, ऑक्टोबरमध्ये आळे व पुढील जुलैत गणती, असे त्याचे पाच भाग पडतात. पहिला भाग ज्या वर्गाने केला त्यानेच शेवटचा भागही करावा. वर्ग बदलला तरी झाडाची वही त्याच मुलांच्या हाती राहावी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी व पुढे कोसबाड येथे मुलांच्या परिसरालाच पाठ्यपुस्तक बनविले. कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले असले, तरी ती परंपरा दोन्ही जिल्ह्यांची आहे.

मुलांकडून आणखी एक काम करवून घ्यावे. गावातील वृद्ध माणसांस विचारावे, ‘आजोबा, शाळेच्या जागी पूर्वी काय होते?’ कोणी सांगेल खाचर, कोणी सांगेल ओढा, कोणी सांगेल नुसता माळ. त्या एका उत्तरात मातीविषयी जे कळते, ते कुदळीने कळावयास अर्धा दिवस लागतो. आजोबा-आजींचे ज्ञान शाळेत उपयोगी पडते, हेही मुलांस त्यातून उमगते.

एखादे रोप सर्व काळजी घेऊनही मेले, तर ते उपटून फेकू नये. वर्गासमक्ष हलक्या हाताने खणून मुळे पाहावी. मुळे काळी व दुर्गंधीयुक्त असतील तर पाणी साचले. कोरडी व ठिसूळ असतील तर पाणी कमी पडले. पिशवीच्या आकारातच गुंडाळलेली असतील तर लावणीत चूक झाली. मेलेल्या रोपाचे कारण शोधणारा मुलगा दैवाला दोष देत नाही आणि स्वतःलाही कमी लेखीत नाही. पुढच्या वेळी काय निराळे करावयाचे, हे त्यास ठाऊक असते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. भाताला उपयोगी पडणारा घट्ट थर झाडास अपायकारक का ठरतो?

२. पाने सुकलेली दिसली म्हणजे पाणी घालणे नेहमीच योग्य असते काय? सकारण सांगा.

३. ३० सेंटिमीटर खोल खड्ड्यातील पाणी ६ तासांत २४ सेंटिमीटर उतरले. तासाला निचरा किती? ही जागा लावणीस योग्य आहे काय?

४. परातीच्या आकाराचा खड्डा व रांजणाच्या आकाराचा खड्डा यांच्या आकृत्या काढून पावसाचे पाणी कोठे जाईल ते बाणांनी दाखवा.

५. आपल्या शाळेचे आवार पूर्वी कोणत्या प्रकारची जमीन होते, हे घरच्या वडील मंडळींस विचारून दहा ओळी लिहा.

६. मागील वर्षी शाळेत लावलेल्या झाडांपैकी किती जिवंत आहेत, ते मोजून फलकावर लिहा.